न उचललेले वाटे

करजखेडे, ता. शहादा
१० मार्च २०२५

चि. राजेंद्र यास,

सुगंधावहिनीचा आशीर्वाद. ममताला आणि पोरांनाही.

आधी एवढं वाच. कोणाला काही झालेलं नाही आणि घर उभं आहे. आता खाली बसून पुढचं वाच.

परवा दुपारी फ्रिजची वायर जळाली. मी खळ्यात मिरच्यांचे देठ खुडत होते. आधी वाटलं, गल्लीत कोणी टायर पेटवलंय. आत आले तर घराच्या मधल्या पडसाळीत जमिनीवरून गेलेली वायर पेटलेली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आपला कापूस. भाव यायची वाट बघत छताला लागेल एवढा रचून ठेवलाय. तुझ्या दादांनी धावत जाऊन मेनचा फ्यूज उपसला. मी वायर ओढून बाजूला केली. जालमसिंगने खळ्यातली माती टोपल्यांनी आणून ओतली. जालमसिंग म्हणजे आपला सालदार, मोलगीकडचा आहे, तू गेल्यानंतर लागला. कापूस वाचला. अक्षर वेडंवाकडं आलंय, पेन जरा खराब आहे, तेवढं सांभाळून घे.

फोन का केला नाही म्हणशील. फोन केला की "वहिनी, मशीनचा आवाज आहे, ऐकू येत नाही" म्हणून तू ठेवतोस. आठ वर्षं उधन्याच्या त्या कारखान्यातलं मशीन नेमकं माझ्याच फोनला चालू असतं. पत्रात मशीनचा आवाज येत नाही.

आता, फ्रिजची वायर पडसाळीतून का जात होती, हा प्रश्न तुला पडला असेल. तू स्वतः सुरतेत मशिनी दुरुस्त करतोस, तुला हे विचित्र वाटणारच. ते सांगायचं म्हणजे मागचं काढावं लागेल. तुला आवडणार नाही, पण वाच.

पपईवरून तुमचं वाजलं. रोग पडला, बाग गेली, दादा तुला नको ते बोलले आणि रागाच्या भरात उद्यापासून वेगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी चार माणसं बोलावून पडसाळीतल्या दारापाशी गेरूने रेघ मारली. हा गल्लीकडचा वाटा, हा खळ्याकडचा. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही आपली रीत. थोरला लबाडी करत नाही तो त्यामुळेच. तू रेघेकडे बघितलंस, एक शब्द बोलला नाहीस, आणि वाटा न उचलता ममताला घेऊन सुरतेची गाडी धरलीस. इथवर तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण ते सांगायची आम्हाला लाज वाटते.

धाकट्याने उचललाच नाही तर थोरल्याचा कोणता? मी म्हटलं, दोन्ही आपलेच आहेत, राहू या सगळीकडे. तर तुझे दादा म्हणाले, "त्यानी उचलं नही, तोलगून मन्हा वाटा कोनता शे हाई कोन सांगी?" एकाच वाट्यात राहिलो तर तो बळकावल्यासारखा होतो. म्हणून एक वर्ष आम्ही गल्लीकडे राहतो आणि एक वर्ष खळ्याकडे. खरं सांगते आहे, हसू नकोस. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, सालदाराचं वर्ष बदलतं ना, त्याच दिवशी आमचं बिऱ्हाड हलतं. खाटा, कोठ्या, गॅस, कपाट, देव सोडून सगळं. गल्लीकडच्या वर्षी मी बैठकीत स्वयंपाक करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांत फोडणीचा ठसका जातो. खळ्याकडच्या वर्षी तुझे दादा बैठकीतून पाय टाकत नाहीत, भर पावसात साऱ्या गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने येतात. गावातली माणसं म्हणतात, "धुडकूभाऊ, तू ते तुन्हाच घरमा भाडेकरू शे!" दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे आम्ही एकाच घरात उपाशी.

आणि ज्या वर्षी ज्या वाट्यात नाही, तिथे खिळाही ठोकायचा नाही. ज्या वर्षी आहोत तिथेही नाही, कारण तो तुझा निघाला तर? खळ्याकडची जुनी वायरिंग उंदरांनी खाल्ली. दुरुस्त केली का? नाही. गल्लीकडच्या बोर्डातून लांब वायर काढली, दाराखालून घातली, पडसाळ ओलांडून फ्रिजला नेली. दार उघडता-मिटता ती चेपायची, मी तिच्यावरून धान्याची पोती ओढायचे. तीच पेटली.

आता सगळ्या घराची वायरिंग नवी करावी लागणार आहे. दादा म्हणतात, राजूने वाटा उचलल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. म्हणून मी एवढंच मागते. गल्लीकडचा की खळ्याकडचा, एक शब्द लिही. बाकीचं कोरं ठेवलंस तरी चालेल.

तुझी वाट बघणारी,
सुगंधावहिनी

*

करजखेडे
२४ मार्च

चि. राजेंद्र यास,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी ओट्यावर येते, आणि तो मान हलवतो. आता तो लांबूनच मान हलवतो.

भावेश वायरमन येऊन घर बघून गेला. सारंगखेड्याचा आहे, आयटीआय झालेला, हुशार आहे, पण तोंड आणि मोबाइल एकदम चालू. त्याने पडसाळीतल्या लाकडी पट्टीवरची वायर नुसती चिमटीत धरली तर वरचं रबर भुग्यासारखं गळून पडलं. म्हणाला, "काकू, हाई घर नही, फटाकास्नी पेटी शे." जिथे तिथे जोड, प्रत्येक जोडावर चिकटपट्टी, एक ना धड भाराभर चिंध्या. अर्थिंगचा पत्ताच नाही. अर्थिंगची म्हणून जी तार होती, ती मोरीच्या खिडकीच्या गजाला बांधलेली सापडली. ओल्या हाताने तो गज धरला की झिणझिण्या यायच्या आणि मी समजायचे, मला वात झालाय. सहा महिने लसूण खाल्ला.

त्याने सांगितलेला बेत असा आहे. तुला यातलं कळतं म्हणून नीट लिहिते. आपल्या भिंती मातीच्या विटांच्या, खाच पाडली तर ढासळतील, म्हणून पाइप आत न घालता वरून केसिंग पट्टी मारायची. दिवे-पंख्यांची लाइन वेगळी, फ्रिज-मिक्सर-हीटरची वेगळी, पाण्याच्या मोटारीची तिसरी. खळ्यात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून खरं अर्थिंग. आणि मेनला ते नवीन यंत्र, ईएलसीबी का काय, माणसाला झटका बसला की लगेच सगळी वीज बंद होते. चूक काही दिसत असेल तर कळव. निदान त्यासाठी तरी लिही.

पण खरी अडचण वायरीची नाही. भावेश वही-पेन्सिल घेऊन बसला आणि विचारायला लागला, कोण कुठे झोपणार? फ्रिज कुठे राहणार? स्वयंपाक करणारी कोणत्या भिंतीला तोंड करून उभी राहणार? "एकदा पट्टी मारी का मंग मी परत येनार नही," म्हणाला. पॉइंट काढायचा म्हणजे माणूस कुठे असणार ते आधी सांगायचं. आणि मला विचारशील तर येत्या आखाजीनंतर माझी चूल कोणत्या भिंतीला असेल हे मला सांगता येत नाही.

तुझ्या दादांनी त्यावर तोड काढली. वाटे सारखे, तर पॉइंटही सारखे. गल्लीकडे तीन पंखे तर खळ्याकडे तीन. देवघरात बल्ब आहे, तर त्याच्या जोडीला खळ्याकडे गव्हाणीवर बल्ब. मोरीत हीटरचा पॉइंट, तर गल्लीकडे मोरी नसतानाही हीटरचा पॉइंट. भावेशने विचारलं, "काका, तठे काय तपाडशात?" तर म्हणे, राजू त्याला काय पाहिजे ते करेल. मग मेन कुठे बसवायची हा प्रश्न आला. मेन एकच, ती एका वाट्यात गेली तर दुसऱ्यावर अन्याय. दादा म्हणाले, रेघेवर लावा. "काका, रेघवर दार शे. दारमा मेन कशी लावू?" भावेश एवढं बोलून मोबाइल कानाला लावून बाहेर गेला आणि खळ्यात एकटाच हसत उभा राहिला.

एवढं सगळं ठरवून शेवटी काय, तर काम सुरू करायचं नाही. राजूने उचलल्याशिवाय त्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही.

आता मला घाई का आहे ते सांगते. आपली मयूरी पोटुशी आहे. जूनच्या सुरुवातीचे दिवस सांगितलेत. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. आखाजीला सगळ्या लेकी येतात तशी ती तळोद्याहून यायची आणि मग इथेच राहायची. पण तिच्या सासूबाईंच्या कानावर आगीचं गेलं. त्या स्वतः येऊन बघून गेल्या. चहा घेतला, लोंबणाऱ्या तारा बघितल्या, आणि जाताना गोड आवाजात म्हणाल्या, "मेन बदली का मंगच धाडसू हं आम्ही." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या जागी मी असते तर चहाही घेतला नसता. पण राजेंद्र, माझी एकच लेक आहे.

गल्लीकडचा की खळ्याकडचा?

सुगंधावहिनी

*

करजखेडे
६ एप्रिल

राजेंद्र,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. "मला काही नको. दोन्ही वाटे दादांनी ठेवावेत. हाताला काय झालं ते खरं कळवा."

हाताचं तुला ममताने सांगितलं असणार आणि ममताला मयूरीने. बायकांचं बोलणं चालू आहे म्हणून या घराला अजून घर म्हणायचं. वायर ओढताना वितळलेलं प्लास्टिक तळहाताला चिकटलं, सोलून निघालं. शहाद्याच्या डॉक्टरांनी पट्टी केली. आता कातडी धरली आहे, भाकरी थापताना ओढ बसते एवढंच. पेन खराब नव्हतं. झालं, कळवलं खरं.

आता तुझ्या पहिल्या दोन वाक्यांबद्दल बोलते, आणि थोडं रागाने बोलणार आहे.

मला काही नको! किती सोपं असतं रे हे लिहिणं. नको म्हणणारा मोठा दिसतो, लोक म्हणतात बघा, अर्ध्या घरावर पाणी सोडलं. तू पाणी सोडलेलं नाहीस. सोडलं असतंस तर त्या दिवशी रेघेपाशी उभं राहून तसं म्हणाला असतास. तू फक्त उचलला नाहीस. उचलला असता तर वाटणी झाली असती, आणि ती तुला होऊ द्यायची नव्हती. तू गप्प राहून घर एक ठेवलंस असं तुला वाटत असेल. इथे येऊन बघ एक ठेवलेलं घर.

कार्ड मी तुझ्या दादांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, "असं नही चालत. उचलना पडी त्याले." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. एक भाऊ उचलत नाही, दुसरा उचलल्याशिवाय घेत नाही, आणि दोघांनाही वाटतं की मीच खरा दिलदार. दोघांच्या दिलदारीत मला मात्र आठ वर्षं मिठाची बरणी एका जागी ठेवता आली नाही. रात्री उठले की कोणत्या वाट्यात आहे हे आठवल्याशिवाय मोरीची दिशा कळत नाही मला. माझं वय काय, आता खाटा आणि कोठ्या ओढायचं आहे का? तुम्हा दोघांच्या मानापायी मी माझ्या घरात घर केलं नाही. हे मी कधी कोणाला बोलले नव्हते, तुला लिहिते आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती दादांनी सांगू नको म्हटलंय, म्हणून सांगते. दर आखाजीला आम्ही जो वाटा सोडतो, तो ते स्वतः चुन्याने पांढरा करतात. कोनाडे, फळ्या, दाराच्या मागचं सगळं. मी विचारलं कशाला, तिथे कोणी राहणार नाही वर्षभर. तर म्हणाले, वाळवी लागते. चुन्याने वाळवी जाते असं मी या वयात पहिल्यांदा ऐकलं. ते तुझ्यासाठी करतात. पण तसं तोंडाने म्हणतील तर धुडकू पाटील कसले.

मी या घरात आले तेव्हा तू चौथीत होतास. पुढे मोठा झाल्यावर खळ्यात मला लुना शिकवलीस ती दादांना न सांगता, आणि मी गवताच्या गंजीत घुसले तेव्हा बोलणी तू खाल्लीस. मला तुझी फार आठवण येते, राजेंद्र. हे पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं, पण तिथे मला आधी आगीचं लिहावं लागलं.

नीट विचार करून उत्तर दे. कार्डावर नको, पाकिटात दे, पोस्टमन वाचतो.

वहिनी

*

करजखेडे
१७ एप्रिल

राजेंद्र,

उत्तर नाही.

भावेश काल सांगून गेला. लग्नसराई आहे, खापर गावाच्या बाजूला मंडपांच्या लाइटिंगची कामं त्याने घेतली आहेत, एकदा तिकडे गेला की पावसाळ्याच्या तोंडावरच परतणार. करायचं असेल तर याच आठवड्यात. तात्पुरती म्हणून त्याने एक लाइन टाकून दिली आहे, तिच्यावर एक बल्ब आणि एक पंखा चालतो. फ्रिज बंद आहे. दूध दोनदा नासलं.

मयूरीचा फोन होता. सासूबाई तिथेच बाळंतपण करायचं म्हणत आहेत, दवाखानाही बघून ठेवलाय. ती रडली नाही, उलट मलाच समजावत होती, आई, राहू दे, तुम्हाला त्रास. लेकीने आईला असं समजवावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटलं. फोन ठेवल्यावर मी पडसाळीत जाऊन ती गेरूची रेघ बघत बसले. दादा दर दिवाळीला ती पुन्हा ओढतात, पुसट होऊ देत नाहीत.

तुझं कार्डही पुन्हा वाचलं. तुला काही नको. त्यांना आधी घेता येत नाही. दोन वाटे आहेत आणि घेणारा कोणीच नाही. हे मी आजवर असं सरळ मांडून बघितलंच नव्हतं.

बाकी बरं आहे.

वहिनी

*

करजखेडे
२८ एप्रिल

चि. राजेंद्र यास,

वायरिंग झाली. कशी झाली ते दुसऱ्या कोणाकडून ऐकशील, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावेश शेवटचं विचारायला आला. तुझे दादा दारात खाटेवर, जालमसिंग पोती लावत होता. दादांनी नेहमीचं सुरू केलं, राजूचं उत्तर येऊ दे. मी हात पुसले आणि पडसाळीत रेघेच्या पलीकडे, खळ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. म्हटलं, "हाऊ वाटा मी उचलं."

दादांना वाटलं मी काहीतरी वस्तू उचलली. इकडेतिकडे बघायला लागले. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा उठून उभे राहिले.

"तुले कोन सांगं उचलाले?"

"कोनी नही. आठ वरिस कोनी उचलं नही, म्हनीसन मी उचलं."

"आनि मी?"

"गल्लीकडला शे ना. तो तुम्हना नि राजूना. दोन्ही भाऊ वाटी ल्या."

"असं कोठे ऱ्हास का? हाई रीत नही."

मी म्हटलं, रीत दोन भावांची आहे, थोरल्याने असं करावं आणि धाकट्याने तसं. तिच्यात माझं नाव कुठेच नाही. जिच्यात माझं नाव नाही ती रीत मी मोडणार कशी? धाकट्याने नको म्हणून लेखी दिलंय, थोरल्याला आधी घेता येत नाही, मग पडून राहिलेलं जो सारवतो-शिंपतो त्याचं. चौतीस वर्षं ही जमीन मी सारवली आहे, म्हणजे हे माझं. बोला.

दादा पुन्हा खाटेवर बसले. भावेशच्या हातात मोबाइल वाजत होता आणि तो उचलत नव्हता, यावरून समज. मी आवाज चढवला नाही, रडले नाही. सासरी आल्यापासून या घरात "माझं" हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला होता, आणि तो अर्ध्या घरावर उच्चारला.

मग मी भावेशला म्हटलं, घे पेन्सिल. मला एकदाही थांबावं लागलं नाही. मिक्सरचा पॉइंट स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर, कोपराच्या उंचीला. फ्रिज पूर्वेच्या भिंतीला, तिथून तो आता हलणार नाही. मयूरीची खाट खळ्याकडच्या पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी, दिव्याचं बटण खाटेवरून हात पोहोचेल असं. पंखा पाळण्याच्या बरोब्बर वर नको, थोडा बाजूला. खाली जमिनीलगत एकही प्लग नको, पुढच्या वर्षी रांगतं पोर येईल. नवीन मेन माझ्या वाट्यात, खळ्याच्या दाराजवळ. मीटर कंपनीने लावलंय तिथेच राहिलं, एकच. दुसरं मीटर घ्यायचं का असं भावेशने विचारलं, मी नाही म्हटलं.

अर्थिंगचा खड्डा जालमसिंगने खणला. कोळसा-मिठाचे थर देताना मीही उभी राहिले. दादा लांबून बघत होते. शेवटी राहवलं नाही त्यांना, येऊन म्हणाले, मीठ अजून लागेल. तेवढंच बोलले त्या दिवशी.

काल मयूरी आली. सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी मेन उघडायला लावली, ते टेस्टचं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं, खटकन सगळं घर बंद पडलं, तेव्हा कुठे हसल्या. म्हणाल्या, "आते धाडी दिधी." मयूरी पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी झोपली आहे. पंखा चालू आहे. मी मघापासून दोनदा जाऊन बघून आले, उगाच.

परवा आखाजी आहे. या वर्षी आमचं बिऱ्हाड हलणार नाही. माझं तरी नाही.

आता तुझ्या वाट्याचं ऐक. गल्लीकडे लाइन टाकून घेतली आहे, म्हणून भिंतीला भोकं पडली. तुला न विचारता पडली, त्याबद्दल रागवायचं तर माझ्यावर रागव. तिसरा पंखा मी कमी केला आणि हीटरचा पॉइंटही. मोरी नाही तिथे हीटर घेऊन कोण काय करणार? बैठकीत दोन पंखे लावले आहेत, शेजारी शेजारी. कोणाची खाट कोणत्या पंख्याखाली हे मी ठरवलेलं नाही. तो तुम्हा भावांचा वाटा आहे, त्यात मी बोलणार नाही.

तुझ्या दादांना मी एवढंच सांगितलं आहे. माझ्या वाट्यात जेवायला या, पाहुणे म्हणून नाही, हक्काने या. पण झोपायला गल्लीकडे जा, आणि तिथे झोपायचं तर राजेंद्रला विचारून झोपा, अर्धं त्याचं आहे. गेले आठ दिवस ते घराबाहेरच्या ओट्यावर झोपत आहेत. माझ्याशी कामापुरतं बोलतात. जेवण मात्र नीट जातं, काळजी करू नकोस.

आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले तर येऊन उभे राहिले. कोणाला, म्हणाले. म्हटलं, तुम्हाला ठाऊक आहे. थोडा वेळ घुटमळले, मग म्हणाले, खाली जागा सोड. त्यांना बोलतात तसंच लिहिता येतं, हसू नकोस. मी जागा सोडून स्वयंपाकाला जाते आहे. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचणार नाही. त्यांनाच पाकीट चिकटवायला सांगते.

ममताला आणि पोरांना आशीर्वाद.

सुगंधावहिनी

राजू,

गल्लीकडला वाटा आते तुन्हा नि मन्हा शे. तुन्ही वहिनी सांगस, तुले इचारा बिगर तठे खाट टाकानी नही. म्हनीसन इचारस. टाकू का?

ओटा वाटामा धरेल नव्हता, तोलगून मी तठे झोपी ऱ्हायनू. मच्छर भलता शेतस. बेगीन सांग.

दादा